नग त्रेचाळीस

माझं तोंड वाईट आहे. नवरा होता तोवर म्हणायचा, हिच्या जिभेला कुलूप लावा आणि किल्ली विहिरीत टाका. तो गेला, कुलूप काही लागलं नाही. ह्याच तोंडाने मी माझ्या सख्ख्या भावाला तीन माणसांदेखत चोर म्हणाले, आणि त्यापायी शंभर वर्षं उभं असलेलं तारघर खाली आलं. त्याचा ह्याच्याशी काय संबंध, असं तुम्ही विचाराल. सांगते.

आमचा धंदा पाडकामाचा. जुनी इमारत पाडायची तर आधी तिची दारं, खिडक्या, चौकटी, जिने धक्का न लावता सोडवून घ्यायचे आणि मगच भिंतींना हात घालायचा. बाबांच्या वेळी सगळं एकत्र होतं. ते गेल्यावर वाटणी झाली. लाकडाची शेड आणि सोडवायचं काम माझ्याकडे आलं, पोकलेन आणि पाडायचं काम धाकट्याकडे. धाकटा म्हणजे माझा भाऊ. माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. कडेवर घेऊन फिरवलंय मी त्याला, आणि तेव्हाही तो माझे केस ओढायचा.

बाबांचे चार लोखंडी जॅक होते. चौकट काढली की तिच्यावरची भिंत अधांतरी राहते. तिच्याखाली हे जॅक टेकू म्हणून उभे करायचे, दांडा फिरवला की हळूहळू वर चढून भिंतीला जाऊन भिडतात. बाबांचा नियम ठरलेला होता, आधी टेकू, मग चौकट. उद्या पाडायची इमारत असली तरी आज टेकू द्यायचाच. दुसरी त्यांची सवय खडूची. काढलेल्या प्रत्येक नगावर आकडा घालायचा आणि तो जिथून निघाला तिथे भिंतीवरही तोच आकडा घालायचा. पाडायच्याच भिंतीवर कशाला आकडे, असं मी लहानपणी विचारलं होतं. ते म्हणाले होते, हात चांगल्या कामाला लागलेला असावा. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं, पण हाताला लागलं ते लागलं.

वाटणीत जॅक धाकट्याच्या वाट्याला गेले. त्या कागदावर मी स्वतः सही केली होती. पण तो ते गाडीत चढवायला लागला आणि माझं डोकं फिरलं. बाबांचा हात लागलेली वस्तू दारातून बाहेर जाताना पाहवेना. माझ्या शेडमधले रंधा मारणारे काका आणि दोघी कामकरी बायका समोर होत्या. त्यांच्यादेखत मी त्याला चोर म्हणाले. त्याने जॅक चढवले, फळी लावली आणि म्हणाला, ह्या दारात पुन्हा पाऊल टाकणार नाही. तेव्हापासून अबोला. अठरा महिने. एकाच गावात, एकाच धंद्यात, आणि रस्त्यात समोरून आला की एकाने डावीकडे बघायचं, दुसऱ्याने उजवीकडे.

आमचा अबोला सगळ्या बाजाराला माहीत होता. साखऱ्याला तर चांगलाच माहीत होता. साखऱ्या म्हणजे बिल्डर. इतकं गोड बोलतो की त्याचं खरं नाव त्याच्या पाटीवरच उरलंय. त्या अठरा महिन्यांत मला ताई म्हणणारा तेवढा एकच माणूस होता. मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

तारघर, म्हणजे गावातलं जुनं तार ऑफिस, साखऱ्याने विकत घेतलं होतं. दोन मजली, जाड भिंतींचं, समोर दगडी पायऱ्या, मागे नंतर कुणीतरी जोडलेली पत्र्याची पडवी. दाराशेजारी पालिकेच्या वारसा खात्याची गोल पितळी पाटी होती. अशी पाटी असलेल्या इमारतीला परवानगीशिवाय कुणी हातोडीही लावत नाही. मी ते त्याला म्हणालेही. तर तो म्हणाला, ताई, यादीतून नाव निघालं, पूर्ण पाडायची परवानगी आली. फोनवर कागद दाखवला. माझा चष्मा शेडमध्ये राहिला होता. मला शिक्का दिसला आणि मी त्याच्यावर भागवलं.

शुक्रवार-शनिवार दोन दिवसांत मी तळमजल्याच्या सगळ्या चौकटी काढल्या. बेचाळीस नग. आकडे नगांवर, भिंतीवर आणि माझ्या वहीत, तिन्हीकडे घातले. टेकू मात्र दिले नाहीत. टेकू धाकट्याकडे होते, ते मागायला मी मेले असते तरी गेले नसते, आणि नवे घ्यायचे म्हणजे त्याने नेले ते नेलेच असं मानायचं. दोन दिवस उभी राहील भिंत, मग पाडायचीच आहे, असं मनाला समजावलं. काम करताना पाठीतून घाम निघत होता, तो उन्हाचा नव्हता. शेवटी ती पितळी पाटी मी चार स्क्रू काढून सोडवली, कागदात गुंडाळली, वर खडूने लिहिलं, त्रेचाळीस. स्क्रू एका पुडीत बांधून सोबत ठेवले.

मंगळवारी तारघर पडलं. पाडलं असेल असंच मी धरून चालले. तिथे पालिकेची माणसं आलीत हेही कानावर आलं, पण पाडकामावर पालिकेची माणसं येतातच.

रविवारी दुपारी माझी भावजय आली. अबोला माझा नि त्याचा, तिचा नव्हता. ती मला अजून वन्सं म्हणते. नेहमी आल्या आल्या माझ्या शेडमधल्या पसाऱ्यावरून मला चिडवते, त्या दिवशी मात्र ओंडक्यावर बसली आणि पदराशी चाळा करत राहिली. मग तिने एकेक सांगितलं. धाकट्याला साखऱ्याने फक्त मागची पडवी पाडायला बोलावलं होतं, परवानगी तेवढ्याचीच होती. पडवीची एक तुळई तारघराच्या मागच्या भिंतीत घुसलेली होती. ती त्याने पोकलेनने अलगद ओढली आणि अख्खी भिंत वरच्या मजल्यासकट खाली बसली. पोकलेनच्या केबिनपासून एक हात अंतरावर. काच फुटून त्याच्या मांडीवर पडली.

 मला सांगितलं होतं, सगळी पाडायची आहे. त्याला सांगितलं होतं, फक्त पडवी. मी आतून पोकळ केली आणि त्याने मागून ओढलं. आम्ही दोघं एक शब्द बोलत असतो तर पाच मिनिटांत साखऱ्याचं पितळ उघडं पडलं असतं. आम्ही बोलणार नाही ह्याची त्याला खात्री होती. तेवढ्याच भांडवलावर त्याने तारघर पाडलं.

भावजय पुढे सांगत होती. सोमवारी अकराला पालिकेत सुनावणी. वारसा इमारत मालकाने मुद्दाम पाडली असं ठरलं, तर त्याला ती होती तशी पुन्हा बांधून द्यावी लागते आणि पंधरा वर्षं त्या जागेवर दुसरं काही उभं करता येत नाही. पण यंत्र चालवणाऱ्याच्या हलगर्जीने अपघात झाला असं ठरलं, तर मालक सुटतो, जागा मोकळी होते, आणि चालवणाऱ्याचा परवाना जातो, कायमचा. साखऱ्याने कागद लिहून आणलाय, चूक माझीच, असा. आणि धाकटा उद्या त्याच्यावर सही करतोय. का करतोय ते सांगत नाही. चार दिवस जेवणावरून उठतोय.

“वन्सं, त्याला दुसरं काही येत नाही हो,” ती म्हणाली. “पोकलेन गेलं तर तो माणूस राहणार नाही.”

मी तिला पाणी दिलं, कोपऱ्यापर्यंत सोडून आले. परत येऊन त्या चौकटींसमोर उभी राहिले आणि स्वतःला इतक्या शिव्या दिल्या की रंधेवाले काका कोण आलंय ते बघायला बाहेर आले.

संध्याकाळी साखऱ्याचा फोन आला. आवाजात तोच गोडवा. म्हणाला, ताई, ते लाकूड उद्या सकाळी माझा ट्रक येऊन घेऊन जाईल, तुमच्या शेडमध्ये उगाच अडचण. मी म्हणाले, मला अडचण नाही. तो मग म्हणाला, परवानगी नसताना वारसा इमारतीच्या चौकटी काढणं हाही गुन्हाच असतो, ताई. तुमचं नाव अजून कुठे आलेलं नाही. येऊ नये असंच मलाही वाटतं. ह्या वेळी ताई ऐकून माझ्या अंगावर काटा आला.

सकाळी सातला ट्रक दारात हजर. चालक आणि दोन दांडगे हमाल. मी शेडला दोन कुलुपं घातली होती आणि समोर खुर्ची टाकून बसले होते. चालक म्हणाला, मालकांनी सांगितलंय. मी म्हणाले, मालकांना म्हणावं स्वतः या आणि मला खुर्चीसकट उचला. हमालांनी एकमेकांकडे पाहिलं. काका मागून पटाशी घेऊन आले, नुसतेच, आणि माझ्या बाजूला उभे राहिले. सत्तरीचा माणूस, हात थरथरतात त्यांचे. साडेनऊपर्यंत ट्रक तिथेच घुरघुरत होता आणि मला अकराला पोचायचं होतं. माझा जीव नुसता टांगणीला. शेवटी चालकाला फोन आला, त्याने माझ्याकडे वाईट नजर टाकली आणि ट्रक मागे घेतला. साखऱ्याला वाटलं असणार, ट्रक पुन्हा येईल ह्या धाकाने म्हातारी दारातच बसून राहील, पालिकेत येणार नाही. मी काकांच्या हातात किल्ल्या दिल्या, वही पिशवीत टाकली, कागदात गुंडाळलेली पाटी टाकली, आणि निघाले.

पालिकेच्या दुसऱ्या मजल्यावरची खोली. लांब टेबल, झाकणं ठेवलेले पाण्याचे ग्लास, भिंतीला टेकून रचलेल्या फायली. मधोमध वारसा खात्याच्या अधिकारी बाई, सर्दीने नाक लाल झालेलं, तोंडात खोकल्याची गोळी. बाजूला टाइप करणारा कारकून. टेबलाच्या ह्या बाजूला साखऱ्या आणि त्याचा वकील, आणि अगदी टोकाला धाकटा. अठरा महिन्यांत मी त्याला इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. कानाजवळचे केस पिकले होते. मी आत शिरले तसं त्याने भिंतीकडे तोंड केलं.

वकील बोलत होता. इमारत सुस्थितीत होती, मालकाचा जपण्याचाच हेतू होता, वारसा पाटीसुद्धा जागच्या जागी होती, ती बिचारी ढिगाऱ्याखाली गेली. पोकलेनच्या चालकाने तुळई ओढताना काळजी घेतली नाही. चालकाला हे मान्य आहे, हा त्याचा जबाब. कागद धाकट्यासमोर सरकवला गेला. त्याने पेन उचललं.

मी उभी राहिले. बाई म्हणाल्या, आपण कोण, आपली वेळ नंतर. मी म्हणाले, नंतर सही झालेली असेल. आणि पिशवीतून पुडकं काढून टेबलावर ठेवलं, कागद सोडला. पितळी पाटी. एक ओरखडा नाही. शेजारी चार स्क्रूंची पुडी.

बाईंनी गोळी गालात सरकवली आणि पाटी हातात घेतली. उलटीपालटी केली. ढिगाऱ्याखालून ही अशी निघाली का, असं त्यांनी वकिलाला विचारलं. वकिलाने साखऱ्याकडे पाहिलं. साखऱ्या हसत होता, पण ते हसू नुसतं तोंडावर राहून गेलेलं होतं.

मग मी सगळं सांगितलं. शुक्रवार, शनिवार, फोनवरचा कागद, न घेतलेला चष्मा, बेचाळीस नग. वही पुढे केली. वकील लगेच उठला, म्हणाला, म्हणजे ह्या बाईंनी परवानगी नसताना चौकटी काढल्या हे त्या स्वतःच कबूल करतायत. मी म्हणाले, हो, करतेय, लिहून घ्या. कारकून टाइप करत होता. बाईंनी वहीची पानं उलटली आणि एकच विचारलं. इतकी वर्षं हे काम करता, भिंतीला टेकू का दिले नाहीत?

मला वाटलं होतं, हा प्रश्न टळेल. इमारत पाडायचीच होती, असं सांगून सुटता आलं असतं. ओठांवर आलंही होतं.

“टेकू माझ्या भावाकडे होते,” मी म्हणाले. “आणि मी त्याच्याशी बोलत नाही.”

कारकुनाची बोटं थांबली. हे लिहू का, असं त्याने बाईंना नजरेने विचारलं. लिहा, बाई म्हणाल्या. माझं तोंड भाजल्यासारखं झालं होतं. आजवर मी चारचौघांत पुष्कळ बोललेय, पण लाज कधी वाटली नव्हती.

बाईंनी मग धाकट्याला विचारलं, चौकटी काढलेल्या तुम्हाला दिसल्या नाहीत का? माझ्या साक्षीने तो जवळजवळ सुटला होता. नाही दिसल्या, इतकं म्हणाला असता तरी पुरे होतं, कारण त्या जागांवर साखऱ्याने मधल्या दोन दिवसांत पत्रे ठोकून घेतले होते. धाकट्याने पेन खाली ठेवलं.

“पत्र्याच्या कडेला खडूने सात लिहिलेलं दिसलं,” तो म्हणाला. “तो आकडा ताईचा. मला वाटलं, ताईने काढलीय म्हणजे आत टेकू असणारच. जॅक माझ्याकडे आहेत हे माहीत होतं, पण म्हटलं, नवे घेतले असतील. टेकू दिल्याशिवाय ती चौकट काढत नाही. म्हणून मी आत जाऊन बघितलं नाही.”

मग हा जबाब का देत होता, असं बाईंनी विचारलं.  ह्यांनी सांगितलं होतं, साखऱ्याकडे न बघता तो म्हणाला, मी सही केली नाही तर ताईचं नाव पुढे येईल.

मला रडू आलं. चांगलं मोठ्याने आलं. बाईंनी माझ्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला आणि कारकुनाला म्हणाल्या, हे लिहू नका.

निकाल चार दिवसांनी आला. इमारत जाणूनबुजून पाडली असं ठरलं. साखऱ्याने तारघर होतं तसं, जुन्याच सामानाने पुन्हा उभं करायचं आणि पंधरा वर्षं त्या जागेवर दुसरी वीट ठेवायची नाही. बेचाळीस नग जपलेले आहेत आणि प्रत्येकाची जागा वहीत नोंदलेली आहे, म्हणून तसं करणं शक्य आहे, असंही त्यात लिहिलं होतं. माझा परवाना दोन वर्षं बंद, फक्त तारघराच्या चौकटी परत बसवण्यापुरता चालू. धाकट्याने आत जाऊन पाहिलं नाही म्हणून त्याचा सहा महिने बंद. बंद म्हणजे बंद, गेलेला नाही. ती ओळ मी तीन वेळा वाचली, चष्मा लावून.

त्याच संध्याकाळी शेडसमोर गाडी थांबली. मी आत होते. धाकटा उतरला, मागची फळी सोडली आणि दोन्ही हातांत एकेक जॅक घेऊन दारापर्यंत आला. उंबऱ्याच्या बाहेर थांबला. चांगलं वजन असतं त्या जॅकांना.

“तारघराला लागतील,” तो म्हणाला. “बाकीचे दोन गाडीत आहेत.”

मी म्हणाले, आत ये. तो हलला नाही. दारात पाऊल टाकणार नाही म्हणाला होता, ते तो विसरला नव्हता. आमच्या बाबांचाच मुलगा. मी त्याच्याकडे बघत राहिले. मग मागे वळून काकांना हाक मारली, दोघी बायकांना हाक मारली. त्या दोघी चहाचे कप घेऊनच आल्या. काय झालं ते कुणाला कळेना.

“अठरा महिन्यांपूर्वी तुमच्यादेखत मी ह्याला चोर म्हणाले होते,” मी म्हणाले. “ते जॅक त्याचेच होते. मी सही केली होती. मी खोटं बोलले.”

 काकांनी मान हलवली, त्यांना ते तेव्हाच माहीत असल्यासारखी. धाकटा अजून उंबऱ्याबाहेर उभा होता आणि त्याच्या दंडाच्या शिरा फुगल्या होत्या.

“आता दारातून बाजूला हो, ताई,” तो म्हणाला. “हात तुटायला आलेत.”

मी बाजूला झाले.